चार लाख त्र्याहत्तर हजार सहाशे भोकं

दरवर्षी ३ मे आला की वर्तमानपत्रात एक छोटी चौकट हमखास येते. १९१३ साली याच दिवशी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि भारतीय चित्रपटाचा जन्म झाला, असं तिच्यात लिहिलेलं असतं. शेजारी दादासाहेब फाळक्यांचा फोटो. माहिती बरोबर असते, माझी काही तक्रार नाही. मला आज बोलायचंय ते त्या चौकटीत न मावणाऱ्या एका गोष्टीविषयी. ती गोष्ट म्हणजे भोकं. सिनेमाच्या फिल्मच्या दोन्ही कडांना जी बारीक भोकं असतात ना, ती.

आता म्हणाल, गुरुजींना निवृत्तीनंतर काही उद्योग उरलेला दिसत नाही. तेही खरंच. पण मंडळी, या भोकांमध्ये एका बाईचं आख्खं वर्ष गेलंय. म्हणून थोडा धीर धरून वाचा.

आधी ही फिल्म म्हणजे काय ते पाहू. आजच्या पोरांना फिल्म म्हणजे मोबाईलमधली फाईल. आमच्या लहानपणी लासूर स्टेशनच्या आसपास तंबूतला सिनेमा यायचा, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोरं तंबूच्या मागच्या बाजूला फिल्मचे तुकडे शोधायला जायचो. पट्टी तुटली की ऑपरेटर खराब तुकडा कापून टाकायचा आणि बाकीची जोडायचा. तो टाकलेला तुकडा म्हणजे आमचं सोनं! उन्हाकडे धरायचा आणि आत हिरो दिसतो की हिरॉईन ते बघायचं. एका तुकड्यात सहा-सात चित्रं असायची, सगळी एकसारखी. बारकाईनं पाहिलं तर पहिल्या चित्रात हात खाली, शेवटच्या चित्रात हात जरासा वर. कडेच्या भोकांकडे मात्र आमच्यातल्या कुणीच पाहिलं नाही. चित्र सोडून भोकं कोण बघतो?

ही पट्टी कशाची करत असत, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं आणि मोठी गंमत वाटली. सिनेमाच्या सुरुवातीच्या काळातली फिल्म कापसापासून होत असे. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करायची आणि त्यात कापूर मिसळायचा, की सेल्युलॉईड तयार. कापूस आणि कापूर! त्यावर जिलेटिनचा थर, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यातून काढलेला चिकट पदार्थ, आणि त्या थरात चांदीचे क्षार. या क्षारांवर उजेड पडला की ते बदलतात आणि नंतर रसायनात धुतल्यावर चित्र उमटतं. आमच्याकडे घरोघर पिकणारा कापूस सिनेमाच्याही मुळाशी आहे, हे कळल्यावर मला उगाचच अभिमान वाटला होता. पण कापूस आणि कापूर दोन्ही पेट घेणारे. तशीच ही फिल्मही. एकदा पेटली की पाण्यानंही विझत नाही.

आता चित्र हलतं कसं? शाळेत मी हे वहीच्या कोपऱ्यावर दाखवत असे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक माणूस काढायचा, दर पानावर त्याचा पाय थोडा पुढे. मग अंगठ्यानं पानं फरफर सोडायची. माणूस चालायला लागतो. सिनेमात तेच होतं, फक्त पानांऐवजी लांब पट्टी. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रं घेत. कॅमेऱ्याला मोटार नव्हती, बाजूला हँडल असायचं. एका फेरीला आठ चित्रं, म्हणजे सेकंदाला दोन फेऱ्या. कॅमेरामन मनातल्या मनात ताल धरून हँडल फिरवायचा. ताल चुकला की पडद्यावरचा राजा धावायला लागायचा.

इथं एक मेख आहे. पट्टी नुसती सरकत राहिली तर सगळं चित्र पुसट येईल. ती क्षणभर थांबली पाहिजे, तेवढ्यात उजेड आत आला पाहिजे, मग झडप बंद झाली पाहिजे आणि पट्टी नेमकी एका चित्राइतकी पुढे गेली पाहिजे. केसभरही कमी नको की जास्त नको. सेकंदाला सोळा वेळा थांबायचं आणि सोळा वेळा चालायचं. पट्टीला असं ओढणार कोण? कॅमेऱ्यातला एक बारीक आकडा. आणि तो आकडा अडकणार कशात? त्या भोकांत!

ल्युमिए बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसला तिकीट लावून पहिला जाहीर खेळ केला, तेव्हा त्यांच्या फिल्मला प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना एकेकच गोल भोक असे. अमेरिकेत एडिसनच्या फिल्मला मात्र प्रत्येक चित्रामागे एका कडेला चार भोकं असत. याची फिल्म त्याच्या यंत्रावर चालणार कशी? शेवटी १९०९ साली पॅरिसला निर्मात्यांची परिषद भरली आणि ३५ मिलिमीटर रुंदीची, चार-चार भोकांची पट्टी सगळ्यांनी मान्य केली.

याचं महत्त्व आम्हा लासूरकरांना वेगळं समजावून सांगायला नको. आमची लाईन तेव्हा मीटरगेज होती. मुंबईला जायचं तर मनमाडला उतरायचं, वळकटी डोक्यावर घ्यायची आणि ब्रॉडगेजच्या गाडीत जागा धरायला धावायचं. माणसं निदान धावू तरी शकायची, मालाची पोती हमालांना एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकावी लागायची. दोन रुळांमधलं अंतर जुळलं नाही की आख्खी गाडी तिथंच अडते. फिल्मचंही तसंच. भोकांचं अंतर जुळलं तर मुंबईत काढलेला सिनेमा लंडनच्या यंत्रावरही चालेल. नाही जुळलं तर तो शेजारच्या थिएटरातही चालायचा नाही.

आता फाळक्यांकडे वळू. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. फोटोग्राफी केली, पुरातत्त्व खात्यात नकाशे काढले, लोणावळ्याला छापखाना काढला. भागीदारांशी पटलं नाही म्हणून तोही सोडला. चाळिशीत आलेला, हाताला काम नसलेला माणूस गिरगावातल्या तंबूत ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहतो आणि त्याला पडद्यावर आपला कृष्ण, आपला राम दिसू लागतो. हे फाळक्यांनी स्वतःच पुढे १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात लिहून ठेवलंय. नंतर ते पत्नीलाही घेऊन तो चित्रपट पाहायला गेले. त्या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई.

पुढची हकिगत बऱ्याच जणांना माहीत आहे. सतत चित्रपट पाहून फाळक्यांचे डोळे दुखावले आणि काही काळ त्यांना दिसेनासं झालं. बरे झाल्यावर विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी बोटीनं लंडनला निघाले. तिथं सेसिल हेपवर्थ नावाच्या निर्मात्यानं त्यांना आपला स्टुडिओ मोकळेपणानं दाखवला. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा विकत घेतला, कच्च्या फिल्मची ऑर्डर दिली, फिल्म धुण्याची आणि छापण्याची सामग्री घेतली. त्यातच एक यंत्र होतं भोकं पाडायचं. कारण त्या काळी कच्ची फिल्म पुष्कळदा कोरी यायची, भोकांवाचून. भोकं ज्याची त्यानं पाडायची.

एप्रिलमध्ये फाळके परतले. दादरला बिऱ्हाड होतं. आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक अंतरानं एकेक चित्र घेत घेत त्याची वाढ टिपली. बी फुटतं, कोंब वर येतो, वेल चढतो, सगळं पडद्यावर क्षणात. ही छोटीशी फिल्म पाहून सावकाराला विश्वास बसला आणि कर्ज मिळालं. उरलेल्या पैशांसाठी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. दागिन्यांचा उल्लेख सगळेच करतात, आणि तिथं बायकोच्या त्यागाबद्दल चार बरे शब्द लिहून पुढे जातात. मला वाटतं, दागिने देणं ही त्यातली लहान गोष्ट होती.

मोठी गोष्ट काळोखात होती. कोरी फिल्म उजेडात उघडली की संपली. तेव्हा भोकं पाडायचं काम अंधाऱ्या खोलीतच. फिल्म हातानं चाचपून यंत्रात घालायची, सरळ चालतेय की तिरकी हे बोटांनी ओळखायचं, घामाचा हात चित्राच्या जागी लागू द्यायचा नाही. एका बाजूची भोकं दुसऱ्या बाजूच्या भोकांसमोर आली नाहीत तर तो सगळा गुंडाळा वाया, आणि गुंडाळा विलायतेहून आलेला. हे काम सरस्वतीबाईंनी केलं. यंत्राचा स्क्रू कुठला, पेच कुठला, हे काही त्या माहेराहून शिकून आल्या नव्हत्या. नवऱ्यानं दाखवलं, त्या शिकल्या. फिल्म धुण्याची रसायनं कालवायला शिकल्या. विजेचे दिवे नव्हते, सगळं चित्रण उन्हात. तेव्हा नटांच्या तोंडावर उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहिल्या. शिवाय कंपनीतल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. पोटची मुलं होती ती वेगळीच. आणि त्यांतला मोठा भालचंद्र तर चित्रपटात रोहिदास झालेला!

तारामतीच्या भूमिकेला बाई काही मिळाली नाही. अगदी वाईट वस्तीतल्या बायकांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके हा नाजूक हातांचा तरुण तारामती झाला. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले, त्र्यंबक तेलंगांनी कॅमेरा चालवला. ही सगळी नावं पुस्तकांत सापडतात आणि ती सापडलीच पाहिजेत. पडद्यावर बाई दिसायला लोकांना १९१३ च्या अखेरीपर्यंत थांबावं लागलं. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी आल्या. म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्या पडद्यावर स्त्री नाही असं आपण म्हणतो. पण पडद्यावर जे काही हललं, ते एका स्त्रीनं पाडलेल्या भोकांतून हललं.

आता गुरुजींचा हिशेब. पाटी घ्या.

'राजा हरिश्चंद्र' ३७०० फूट लांबीचा होता, चार रिळांचा. एका फुटात सोळा चित्रं, कारण प्रत्येक चित्राची उंची पाऊण इंच. तेव्हा ३७०० गुणिले १६, म्हणजे ५९,२०० चित्रं. एका चित्राला प्रत्येक कडेला चार म्हणजे दोन्ही मिळून आठ भोकं. ५९,२०० गुणिले ८ बरोबर ४,७३,६००.

चार लाख त्र्याहत्तर हजार सहाशे भोकं. तीही फक्त मूळ फिल्मची. तिच्यावरून थिएटरात चालवायची प्रत छापली, की त्या प्रतीच्या फिल्मलाही तितकीच भोकं. एका प्रतीसकट हिशेब झाला ९,४७,२००. वाया गेलेली, पुन्हा चित्रित केलेली, कापून टाकलेली फिल्म यात धरलेलीच नाही. यंत्र होतं म्हणून एकेक भोक सुईनं पाडावं लागलं नाही, हे कबूल. पण शेवयांचं यंत्र घरात असलं म्हणून शेवया आपोआप होतात का? यंत्राला हात लागतोच. चित्रपट पुरा व्हायला सहा महिने सत्तावीस दिवस लागले असं सांगतात. भागाकार तुम्हीच करून बघा, रोजची किती येतात ते.

या हिशेबावरून एक मजेदार गोष्ट आठवली. सुरतेला चित्रपट लागला तेव्हा पहिल्या खेळाला गल्ला जमला तीन रुपये. थिएटरवाला म्हणाला, इथल्या लोकांना दोन आण्यांत सहा-सहा तासांचं नाटक लागतं, तुमचा तासाभराचा खेळ कोण बघणार? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली की सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि दर फक्त तीन आणे! मग लोटली गर्दी. मी हेही ताडून पाहिलं. सत्तावन्न हजार फोटो बरोबर बसतात, आपले एकोणसाठ हजार आले होते. पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. आपली पट्टी ३७०० फूट, पाऊण मैलही नाही. फोटो खरे, मैल वाढवलेले. दुकानदारी दादासाहेबांना चांगली कळत होती. मला मात्र एक गोष्ट लक्षात आली. फोटो मोजले गेले, मैलही मोजले गेले, भोकं तेवढी मोजायची राहिली. जाहिरातीत सर्वांत मोठा आकडा तोच ठरला असता.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. फ्रान्समध्ये मेलिएसचा चंद्रावर जाणाऱ्या माणसांचा १९०२ चा चित्रपट प्रसिद्ध आहे. त्याच्या रंगीत प्रतीही निघाल्या होत्या. रंगीत फिल्म तेव्हा नव्हतीच, मग रंग आले कुठून? पॅरिसमध्ये एलिझाबेथ थुइलिए नावाच्या बाईंचा कारखाना होता. त्यात दोनशेच्या वर बायका एकेका चित्रात ब्रशानं रंग भरायच्या. एका बाईनं एकच रंग द्यायचा आणि पट्टी पुढच्या बाईकडे सरकवायची. अंगठ्याच्या नखाएवढ्या चित्रात कुणाच्या टोपीला लाल, कुणाच्या कोटाला पिवळा. मेलिएस जगाला ठाऊक आहे. थुइलिएबाईंचं नाव अभ्यासकांना ठाऊक आहे. त्या दोनशे बायकांची नावं कोण सांगणार?

आमच्या घरची चार एकर जमीन होती. आईनं आयुष्यभर तिच्यात निंदलं, खुरपलं, कापूस वेचला. उन्हाळ्यात तिच्या बोटांना बोंडांच्या टोकांचे ओरखडे दिसायचे. सातबारा वडिलांच्या नावानं, आणि त्यांच्यामागे आम्हा भावांच्या नावानं. वडील वाईट नव्हते, तसा रिवाजच होता. तलाठ्यानं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं महाराष्ट्रात सक्तीचं झालंय. पेपरात ते वाचलं त्या दिवशी मी आईचा फोटो पुसून नीट लावला, एवढंच माझ्या हातात होतं.

चित्रपटाची नामावली म्हणजे त्याचा सातबाराच की. निर्माता फाळके, दिग्दर्शक फाळके, छायाचित्रण तेलंग, कलाकार दाबके, साळुंके, साने. सगळं खरं, आणि फाळक्यांचा मोठेपणा यानं तसूभरही कमी होत नाही. फाळक्यांना जे सुचलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नव्हतं. आणि बायकोला चुलीपाशी न बसवता यंत्र शिकवणारा नवरा १९१२ सालात किती घरांत होता? चरित्रकारांनी सरस्वतीबाईंविषयी लिहिलंय, परेश मोकाशींच्या २००९ च्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'तही त्या ठसठशीत दिसतात. पण त्या दिसतात त्या बहुधा 'साथ देणारी पत्नी' म्हणून. मला हा शब्द खटकतो. साथ तबल्याची असते. सरस्वतीबाई ज्या कामाला बसल्या होत्या ते थांबलं असतं तर कॅमेऱ्याच्या आकड्याला धरायला काहीच नव्हतं. अशा माणसाला कारखान्यात तंत्रज्ञ म्हणतात आणि पगार देतात.

फाळक्यांनी १९१७ च्या सुमारास चित्रपट कसे तयार करतात यावरच एक छोटी फिल्म काढली होती. तिचा तुकडा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. स्वतः दादासाहेब तीत काम करताना दिसतात. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळं तेवढी शिल्लक आहेत, आणि ती १९१३ ची की १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाची यावरही वाद आहे. बाकीच्यांचं काय झालं? आपल्याकडे तेराशेच्या वर मूकपट निघाले, त्यांतले आज मूठभर उरलेत. काही सडले, काही जळले, आणि काही तर फिल्ममधल्या चांदीसाठी धुऊन विकले गेले. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात लागलेल्या आगीतही जुन्या नायट्रेट फिल्मची पुष्कळ रिळं गेली. कापूस आणि कापूर, दुसरं काय! जे वाचलं ते पी. के. नायर यांच्यासारख्या माणसानं नाशिकला फाळक्यांच्या घरापर्यंत जाऊन, डबे गोळा करून वाचवलं म्हणून.

ती उरलेली रिळं आता संगणकावरही पाहता येतात. धनुष्यबाण शिकवणारा राजा, शेजारी तारामती झालेले साळुंके, मधे छोटा भालचंद्र. कधी पाहिलीत तर एक करा. चित्र जिथं स्थिर राहतं, थरथरत नाही, तिथं क्षणभर भोकांची आठवण काढा. पडद्यावर ती दिसत नाहीत. बरोबर पडलेली भोकं दिसत नसतातच.

हा सगळा हिशेब मी उत्साहानं आमच्या सौ.ला वाचून दाखवला. ती मेथी निवडत होती. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, जुडीचा दोरा सोडला आणि विचारलं, "एवढी भोकं पाडून झाल्यावर संध्याकाळी इतक्या माणसांना त्यांनी भाजी काय केली असेल हो?"

मी गप्प बसलो आणि दुसरी जुडी पुढे ओढली.